इरली एवढी, तरी वाड्यावरची बाई भिजते कशी?

२०२४ च्या जुलैमधली बेळगावच्या खानापूर तालुक्यातली आमगावची बातमी आठवते का? भीमगडच्या जंगलातलं गाव, धो धो पाऊस, ओढे भरलेले, आणि एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीत घालून खांद्यावरनं चालत रस्त्यापर्यंत आणलं. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. मग नेहमीचं सुरू झालं, रस्ता करा म्हणणारे एका बाजूला आणि गावं उठवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि पुढं २०२५ मध्ये त्याच जंगलातल्या तळेवाडीच्या कुटुंबांनी घरटी १५ लाखांच्या पॅकेजवर बाहेर यायचं कबूलही केलं.

त्या वेळी आमच्या ग्रुपवर एका मित्रानं विचारलं, "अरे बायकांना गृहलक्ष्मी आहे, बस फुकट आहे, रेशन आहे, बाळंतपणाला पैसे आहेत, मग अजून राहिलंय काय?" (गृहलक्ष्मी म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या बाईला दर महिन्याला देतं ते पैसे.) प्रश्न खवचट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही चार-पाच वर्षांपूर्वी कळत नव्हतं, वाड्यावरच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या आदिवासी वस्त्यांवरच्या बायकांचे अर्ज भरून द्यायला लागलो तेव्हा हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. म्हणून जरा निवांत लिहितोय.

सामाजिक संरक्षण म्हणजे काय रे भाऊ

शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. जांबोटी-कणकुंबीकडं रोप लावणीला बाया इरलं पांघरून वाकतात ना, तेच. पाऊस थांबवायचं काम इरलं करत नाही, पण पाठ कोरडी राहते आणि हातातलं काम चालू राहतं. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, नवरा जाणं, काम सुटणं, हे पाऊस कुणाला चुकलेले नाहीत. तो पडला तरी माणूस उपाशी राहू नये आणि सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून सरकारनं किंवा मालकानं केलेली सोय म्हणजे सामाजिक संरक्षण.

यात दोन जाती आहेत. एक नोकरीला चिकटलेली, म्हणजे पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), बाळंतपणाची भरपगारी रजा. ती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, उद्यमबागेतल्या मोठ्या कारखान्यातल्या ऑफिसात असलेल्या बाईला ती मिळते. म्हशी राखणाऱ्या, जंगलात शिकेकाई गोळा करणाऱ्या, गोव्यात काजूच्या हंगामाला जाणाऱ्या बाईला मालकच नाही तर रजा कोण देणार. दुसरी जात सरकारी तिजोरीतनं येणारी, रेशन, पेन्शन, गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० वगैरे. जंगलातल्या बाईच्या वाट्याला फक्त हीच येते, आणि गळतं ते इथंच.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबानं २०२३ साली जगातल्या ५२.४ टक्के लोकांनाच निदान एखादं तरी असं संरक्षण होतं, म्हणजे जवळजवळ निम्मं जग इरल्याशिवाय. त्यातही सगळ्यात मागं कोण राहतं हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडं आदिवासी कोण? इथंच पहिली गोची

आदिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गडचिरोली येते, मेळघाट येतो. बेळगावात कुठले आदिवासी, असं लोक सरळ विचारतात. अहो आहेत की. खानापूर, हल्याळ, यल्लापूर पट्ट्यातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतनं गुलाम म्हणून आणले गेले आणि जे पळून जंगलात राहिले. पारधी, ज्यांना इकडं हरणशिकारी म्हणतात. गोकाक-हुक्केरीकडचे बेडर म्हणजे वाल्मिकी नायक. आणि खानापूरच्या रानातले गवळी धनगर, ज्यांची बोली ऐकली तर आपल्याच आजीची वाटते.

पण सरकारला 'आदिवासी' हा शब्द कळत नाही, सरकारला 'अनुसूचित जमात' कळते, म्हणजे एसटी. घटनेच्या ३४२ व्या कलमाखाली प्रत्येक राज्याची वेगळी यादी असते, त्या यादीत नाव असेल तर तुम्ही एसटी, नसेल तर नाही, मग तुम्ही कितीही पिढ्या जंगलात काढल्या असोत. आणि यादी राज्याची असते, हे नीट लक्षात ठेवा. बेळगावच्या स्टँडवर महाराष्ट्राची लालपरी आणि आपली वायव्य कर्नाटकची बस शेजारी शेजारी उभ्या असतात, दोन्ही कोल्हापूरला जातात, पण एकीचा पास दुसरीत दाखवला तर कंडक्टर खाली उतरवणार. तसंच आहे हे.

आता गंमत बघा. हुक्केरीचा बेडर कर्नाटकात एसटी, तिथनं गाडीनं थोडंसं पलीकडं गडहिंग्लजला गेलं की तोच बेरड महाराष्ट्रात विमुक्त जातीत, म्हणजे एसटी नाही, वेगळाच गट. लमाणी लोक कर्नाटकात एससी, महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात एसटी. खानापूरला लागून असलेल्या जोयड्याचे कुणबी कर्नाटकात एसटी नाहीत, गोव्यातले कुणबी मात्र २००३ पासून एसटी. सिद्दी त्याच २००३ साली एसटी झाले पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातले, हल्याळच्या सिद्द्याला दाखला आणि त्याच्या खानापूरच्या मेव्हण्याला नाही, असं सतरा वर्षं चाललं, शेवटी २०२० मध्ये कायदा बदलून बेळगाव आणि धारवाड त्यात घातले. गवळी धनगर अजून बाहेरच आहेत, मागणी जुनी आहे. (आणि हो, कर्नाटकाच्या एसटी यादीत 'मराठा' सुद्धा आहे बरं का, पण फक्त कोडगू जिल्ह्यातला. आमच्या काही उत्साही मंडळींनी हे वाचून लगेच फोन केले होते, म्हणून आधीच सांगतो, बेळगावला लागू नाही.)

हे असं का झालं याचं मूळ १९५६ मध्ये आहे. तोपर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबरला हे जिल्हे म्हैसूरला जोडले, जंगल तिथंच राहिलं, माणसं तिथंच राहिली, याद्या मात्र दोन राज्यांच्या दोन झाल्या. म्हणून तर कर्नाटकाच्या यादीत आजही वारली, काथोडी अशी ठाणे-रायगडकडची नावं सापडतात.

यादी गावाला बांधलेली, आणि गाव सोडते ती बाई

आता मुद्द्यावर येतो. वरचं सगळं बाई आणि पुरुष दोघांनाही लागू आहे, मग बाईचा प्रश्न वेगळा कसा? तर जातीचा दाखला बापाच्या जातीवरनं आणि बापाच्या मूळ गावावरनं मिळतो. पुरुष जन्मला त्या गावात राहतो, त्याचा दाखला, त्याचं रेशन, त्याचा उतारा सगळं एकाच तालुक्याच्या कचेरीत. गाव बदलते ती बाई, लग्न करून. आणि आमच्याकडं सोयरिकी काही सीमाप्रश्न बघून होत नाहीत, चंदगडची मुलगी खानापुरात, खानापूरची गोव्यातल्या सत्तरीत, निपाणीची कागलला, हे चालतच आलंय.

समजा गडहिंग्लजकडची एक बेरड समाजाची मुलगी हुक्केरीत दिली. माहेरी ती विमुक्त जातीची. सासरी नवरा एसटी, पुढं पोरं बापाच्या दाखल्यावर एसटी. ती स्वतः? लग्नानं जात बदलत नाही आणि एका राज्याच्या दाखल्याचे फायदे दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत, सुप्रीम कोर्टानं हे १९९० पासून सांगितलंय, २०१८ मध्ये परत सांगितलंय. म्हणजे एका घरात चार ताटं, तीन ताटांवर शिक्का आहे आणि जी वाढते तिच्याच ताटावर नाही.

दाखला सोडा, साध्या योजनेचंही तेच. महाराष्ट्रात होती तर लाडक्या बहिणीचे १,५०० होते, ते गेले कारण ती आता तिथली रहिवासी नाही. इकडं गृहलक्ष्मी आहे, पण गृहलक्ष्मी बाईला मिळत नाही, रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळते, हा फरक बारीक वाटतो पण सगळं घर त्यात अडकतं. अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख, म्हणजे सासू. सासूला मिळू दे की, वाईट काय आहे, पण सुनेचं स्वतःचं असं काही हवं असेल तर कार्ड वेगळं करावं लागतं, त्याआधी माहेरच्या कार्डावरनं नाव कमी झाल्याचा कागद दुसऱ्या राज्यातनं आणावा लागतो, आधारचा पत्ता बदलावा लागतो, आणि नवीन कार्डाचं पोर्टल काही बारा महिने उघडं नसतं. नवऱ्यानं सोडलेली असेल तर विचारूच नका. विधवेला मृत्यूचा दाखला तरी असतो. टाकलेल्या बाईला कसलाच दाखला नसतो, कागदावर तिचा संसार चालूच आहे.

बँकेचा एक घोळ सांगतो, कारण तो दर दुसऱ्या अर्जाला भेटतो. पैसे खात्यात येतात म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि एकीची दोन-तीन खाती असतील तर शेवटी जे आधारला मॅप झालं त्यात जातात. एका वहिनीचे सात महिन्यांचे पैसे येत नाहीत म्हणून रडारड, नाडकचेरीत (तहसीलच्या खालची सरकारी कचेरी) चार खेपा झाल्या, शेवटी कळलं की ते बचत गटाच्या वेळी उघडलेल्या आणि विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात गुपचूप जमा होत होते. ती हसली, म्हणाली, "बरं झालं की, नाहीतर खर्च झाले असते." सगळ्यांचं असं गोड होत नाही.

बाळंतपणाचे पैसे

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला किमान ६,००० रुपये मिळावेत, सरकारी नोकरीतल्या वगैरे सोडून. प्रत्येक. मग २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली आणि 'प्रत्येक'चं 'पहिलं मूल' झालं, रक्कम ५,०००. आता दुसरं मूल मुलगी असेल तर तिचे ६,००० मिळतात. दुसरा मुलगा झाला, किंवा तिसरं मूल, तर काही नाही. १८ च्या आत लग्न होऊन दिवस गेलेली पोर तर पूर्णच बाहेर. बालविवाहाला बक्षीस नको हे पटतं मला, पण त्या पोरीच्या पोटातल्या बाळाला पोषण लागत नाही असं थोडंच आहे, आणि वाड्यावर अशा पोरी आहेत.

५,००० मधला पहिला हप्ता ३,००० चा, त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी. दुसरा २,००० चा, बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. वाचायला सोपं आहे. आता हेच जून ते सप्टेंबरमध्ये करून बघा, जेव्हा वाड्यापासनं डांबरी रस्त्यापर्यंत तीन ओढे आहेत. शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून बस फुकट आहे, पण बस डांबरी रस्त्यावर थांबते, त्याच्या आधीचे सात-आठ किलोमीटर फुकटच असतात, पायी.

अंगणवाडीचं माप तर बघाच. साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक अंगणवाडी, डोंगरी आणि आदिवासी भागात ३०० पासून, आणि छोटी अंगणवाडी हवी तरी १५० माणसं लागतात. गवळीवाडा असतो पंधरा-वीस घरांचा. म्हणजे मापातच बसत नाही, त्यामुळं गरोदर बाईचा आहार ज्या अंगणवाडीत येतो ती दुसऱ्या गावात असते. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वस्तीत सहा वर्षांखालची ४० पोरं असतील तर मागितल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. चांगला निकाल आहे, पण पंधरा घरात ४० पोरं कुठनं आणायची.

मुलीचं तर जन्मापासूनच

घरी बाळंतपण झालं आणि २१ दिवसांत नोंद राहिली तर पुढं टप्प्याटप्प्यानं काम अवघड होत जातं, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. पूर्वी लोक शाळेच्या दाखल्यावर भागवायचे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना मात्र शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. मुलगा असला तर बाप दोन दिवसांची मजुरी बुडवून कचेरीत जातो, मुलगी असली तर 'बघू पुढं', हे मी ऐकलंय. कुणी दुष्ट म्हणून नाही, मजुरी खरंच बुडते.

शाळा चौथी-पाचवीपर्यंत जवळ असते, पुढं लांब. मुलगा नातेवाईकाकडं राहतो, मुलीला ठेवायला जीव होत नाही. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा आदिवासी मुलांसाठीच आहेत, पण त्या कुठं तर ज्या तालुक्यात निम्म्याहून जास्त लोकसंख्या एसटी आणि किमान २०,००० एसटी माणसं आहेत तिथं. खानापूर त्या मापात बसत नाही. कर्नाटकात घटनेच्या पाचव्या अनुसूचीचं, म्हणजे खास आदिवासी म्हणून जाहीर केलेलं क्षेत्रच नाही, म्हणजे महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यात ग्रामसभेला पेसा कायद्यानं जे जादा अधिकार मिळतात तेही नाहीत. पीएम जनमन म्हणून मोठी योजना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आली, ती अतिमागास जमातींसाठी, कर्नाटकात त्या दोनच, जेनू कुरुब आणि कोरग, दोघंही आपल्यापासून फार लांब. बेळगावच्या आदिवासीची गंमत अशी की तो थोडा आहे, विखुरलेला आहे, आणि सगळ्या योजना 'जिथं जास्त आहेत तिथं आधी' या हिशेबानं बनतात. हिशेब चूक नाही. पण पंधरा घरांचा वाडा त्या हिशेबात कधीच येत नाही.

"पण यांना आरक्षण आहे की"

आधी बघा की सगळ्यांना नाही, गवळी धनगर एसटीत नाहीत हे वर सांगितलंच. पण असतं तरी आरक्षण ही शिडी आहे, इरलं नाही. शिडी कॉलेजच्या आणि नोकरीच्या दारात लावलेली असते, तिथपर्यंत पोचलेल्यालाच उपयोगी. सातवीत शाळा सुटलेल्या पोरीला सरकारी नोकरीत राखीव जागा आहे हे सांगणं म्हणजे तहानलेल्याला राकसकोपच्या धरणात किती पाणी आहे ते सांगण्यासारखं.

"मग जंगलातनं बाहेर का येत नाहीत?"

येतायत की, तळेवाडीच्यांनी कबूल केलंच. ज्याला यायचंय त्यानं यावंच, रस्त्याला, दवाखान्याला जवळ होईल. पण पैसे कुटुंबाला मिळतात, आणि कुटुंब म्हणजे कागदावर कोण, खातं कुणाचं, विधवा जाऊ वेगळी धरली का, माहेरी परत आलेली बहीण कुठं बसते, हे चेक निघायच्या आधी विचारलं तर पाच मिनिटांचं काम असतं आणि नंतर विचारलं तर दहा वर्षांचं. शिवाय जंगलात बाईच्या हातात स्वतःचं काहीतरी होतं, दूध, तूप, करवंदं, शिकेकाई. बाहेर आल्यावर पंधरा लाखांतले बारा आणे घर बांधण्यात जातात, आणि हिच्या हातात येतं दुसऱ्याच्या शेतातलं खुरपं.

"फुकट वाटून लोक आळशी होतात"

यावर भांडत बसत नाही, एवढंच सांगतो. इरलं नसलं तर बाई उपाशी झोपत नाही, ती कर्ज काढते. पोराला ताप आला, म्हैस मेली, की गटाचं कर्ज, आठवड्याला हप्ता, एक फेडायला दुसरं. २०२५ च्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यात मायक्रोफायनान्सच्या वसुलीवरनं काय झालं ते आपण बघितलंय, घरांना कुलपं लागली, सरकारला फेब्रुवारीत वटहुकूम काढावा लागला, जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद. कर्जं बहुतेक कुणाच्या नावावर होती? बायकांच्या. रेशन कार्डावर सासू, जमिनीवर नवरा, पण कर्जाच्या कागदावर मात्र बरोबर हिचं नाव, फोटोसकट. तेव्हा कुणी परराज्याचा दाखला मागितला नाही.

जिथं कायदा खरंच बाईच्या बाजूनं आहे

सगळं रडगाणं नको, एक चांगली गोष्टही आहे आणि ती लोकांना माहीत नाही. २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलातली जमीन कसणाऱ्याला तिचा हक्क मिळतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. एसटी नसलेल्यांनाही मिळतो, म्हणजे गवळी धनगरांनाही, फक्त त्यांना तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हशीमागं फिरणाऱ्या माणसाकडं १९३० चा कागद असेल का? नसतो, म्हणून कर्नाटकात नाकारलेले दावेच जास्त आहेत. पण नियमातच लिहिलंय की गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा चालतात. म्हातारी माणसं म्हणजे म्हाताऱ्या बाया पण, हे दरवेळी सांगावं लागतं, कारण जबाबाला कायम आजोबांनाच बसवतात. आणि कुठली विहीर कधी खणली हे आजीला जास्त माहीत असतं, पाणी तिनं वाहिलेलं असतं.

वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका पाहिजेत, त्या विषयावरच्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बायका पाहिजेत, नाहीतर सभाच धरत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे लग्न झालेलं असेल तर हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतं, तसा कायदाच आहे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. परराज्यातनं लग्न करून आलेली असली तरी बायको म्हणून तिचं नाव त्यावर येतंच. आपल्या साध्या सातबारावर किंवा इकडच्या पहाणीवर किती बायकांची नावं आहेत ते आठवून बघा.

दाव्याच्या अर्जात पहिल्या ओळीत अर्जदाराचं नाव लिहायचं असतं आणि दुसऱ्याच ओळीत जोडीदाराचं. मागच्या पावसाळ्याच्या आधी एका वाड्यावर जुन्या दाव्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा बघायला मिळाला. पहिली ओळ सगळ्यांनी भरलेली होती. दुसरी बऱ्याच जणांनी मोकळी सोडली होती, एकानं तिथं आडवी रेघ मारली होती. त्याची बायको शेजारीच चहा गाळत होती. पेन तिच्याच हातात दिलं.